पिकअप ट्रकवरची उभी धुराडी: भांडण नक्की कशाचं आहे?

अमेरिकेत पोराकडे सहा महिने राहून आलेले आईबाबा परतल्यावर दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही, आणि दुसरी म्हणजे एवढं असूनही काही गाड्या अशा गुरगुरत जातात की घरातली तावदानं थरथरतात. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना अशा भागांत राहणाऱ्यांनी ती गाडी नक्की पाहिली असणार, उंच केलेला पिकअप ट्रक, मोठाले टायर, आणि केबिनच्या मागून मालाच्या हौद्यातून सरळ आकाशाकडे गेलेल्या एक किंवा दोन चकचकीत नळ्या. सिग्नल सुटला की आधी आवाज, मग कधीकधी काळा धूर.

यावर तिकडे कायम वाद चालू असतो. एका बाजूला ‘माझा ट्रक, माझी मर्जी’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘यांना आत टाका’ म्हणणारे, आणि मधे आपल्यासारखे, ज्यांना मुळात कळतच नाही की ती नळी वर का गेलीय, ती बेकायदेशीर आहे का, आणि पोलीस काही करत का नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. या वादात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात: नळीचा आकार, आवाज आणि धूर. आकार निरुपद्रवी आहे (आणि बराचसा निरुपयोगीसुद्धा), आवाज हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा खरा त्रास आहे पण कायदा त्यात लंगडा आहे, आणि धुरामागे जे असतं तो सरळ सरळ केंद्रीय कायद्याचा भंग आहे. लोक चिडतात मात्र सगळ्यात जास्त नळीवर, कारण ती दिसते.

आधी ट्रक कुठला ते समजून घेऊ

आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो पिकअप, भाजी मार्केट, टोमॅटोचे क्रेट. तिकडे पिकअप ही घरची गाडी आहे, ऑफिसला जायला, पोरांना शाळेत सोडायला तीच. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे, यावरून अंदाज करा.

यात दोन जाती आहेत. साधे पिकअप, म्हणजे एफ-१५० वगैरे, बहुतेक पेट्रोलवर चालतात. त्यांच्या वरची ‘हेवी ड्यूटी’ जात म्हणजे एफ-२५०, एफ-३५०, रॅम २५००, ३५०० आणि शेव्हीचे (म्हणजे जीएमच्या शेवरोलेचे) तसेच मोठे, यांच्यात डिझेल इंजिन मिळतं. फोर्डचं पॉवरस्ट्रोक, जीएमचं ड्युरामॅक्स आणि रॅमचं कमिन्स. उभी धुराडी जवळपास नेहमी या डिझेलवाल्यांवर दिसतात, पेट्रोल पिकअपवाले नळी खालीच ठेवून तिचा आवाज वाढवतात. कमिन्सचं नाव ऐकून पुणेकरांचे कान टवकारले असतील तर बरोबर आहे, कोथरूडला १९६२ साली किर्लोस्करांबरोबर जी कंपनी सुरू झाली तीच ही, आणि तिचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या (म्हणजे आजच्या रॅमच्या) पिकअपमधे आलं. या शौकिनांच्या जगात त्या जुन्या १२ व्हॉल्ववाल्या कमिन्सला जवळजवळ देवत्व आहे.

नळी मुळात वर गेली कशाला?

याचं उत्तर आपल्याला शेतातच मिळतं. ट्रॅक्टरचा सायलेन्सर उभा असतो, कारण खाली गरम नळी असली तर वाळलेल्या काडीकचऱ्याला, उसाच्या पाचटाला आग लागायची भीती, शिवाय धूर चालवणाऱ्याच्या तोंडाऐवजी डोक्यावरून जातो. मोठ्या ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचंही तसंच. पीटरबिल्ट ३७९, केनवर्थ डब्ल्यू ९०० असे जुन्या वळणाचे ट्रक बघा, केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना उंच क्रोमच्या नळ्या. खाली डिझेलच्या टाक्या, एक्सल, ट्रेलरची जोडणी यांची गर्दी असते, आणि माल चढवताना उतरवताना आजूबाजूला माणसं उभी असतात, तेव्हा धूर वर सोडणं शहाणपणाचंच होतं. गंमत म्हणजे नवीन पिढीच्या बऱ्याच ट्रकमधे हवेचा अडथळा कमी करायला आणि धूर गाळायची यंत्रणा बसवायला नळी परत खाली गेलीय.

पिकअपला यातलं काहीच लागू होत नाही. कंपनीने दिलेली नळी गाडीखालून मागच्या चाकामागे निघते आणि तिला काही अडचण नसते. ती वर आणायची तर हौद्याच्या पत्र्याला भोक पाडावं लागतं, नळीला जास्तीची वळणं द्यावी लागतात, आणि ५ ते ८ इंच जाडीच्या नळ्या हौद्याची पुढची जागा खाऊन टाकतात, म्हणजे जे सामान वाहायला पिकअप घेतला त्याचीच जागा गेली. हौद्यात गवताच्या गासड्या किंवा ताडपत्री असेल तर तापलेल्या नळीला जाळीचं कवच लावावं लागतं. वरून पाऊस सरळ आत जातो म्हणून तोंड तिरकं कापतात, खाली पाणी गळायला बारीक भोक पाडतात, नाहीतर झाकण लावतात, जे ट्रक चालू झाला की फडफडतं. एवढा सगळा उपद्व्याप दिसण्यासाठी. पण दिसण्यासाठी माणसं काय काय करतात ते आपणही जाणतो, तेव्हा नुसत्या नळीवर मी तरी कोणाला नावं ठेवणार नाही. बऱ्याच राज्यांत ती नीट बसवलेली असेल आणि खाली सगळं मूळचं शाबूत असेल तर त्यात बेकायदेशीर काही नाही.

आवाज येतो कुठून आणि गप्प कसा करतात

इंजिनात इंधन जळलं की सिलिंडरमधे दाबाखाली गरम वायू असतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की तो दाब धाडकन नळीत सुटतो. प्रत्येक धडाका म्हणजे एक छोटा स्फोटच, आणि आपल्याला ऐकू येणारा सूर हा एका सेकंदात असे किती धडाके होतात त्यावर ठरतो. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला १०० धडाके, आठ सिलिंडरचं असेल तर साधारण १३३. म्हणजे खर्जातला, ढोलाच्या पट्टीतला आवाज. अमेरिकन व्ही-एटची ती प्रसिद्ध गडगड येते कारण त्याच्या एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे धडाके सारख्या अंतराने पडत नाहीत, अडखळत पडतात, आणि दोन बाजूंना दोन वेगळ्या नळ्या असल्या की ते अडखळणं स्पष्ट ऐकू येतं.

सायलेन्सरचं काम (तिकडे त्याला मफलर म्हणतात) हे धडाके बोथट करायचं. काही प्रकारांत आत कप्पे असतात, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींना मारतात. काहींत सरळ जाळीदार नळी असून तिच्याभोवती काचेचं लोकर भरलेलं असतं, ते आवाज शोषतं. दुसऱ्या प्रकारात वायूला अडथळा कमी आणि आवाज जास्त. आणि सगळं काढून नुसती नळी ठेवली की झाली ‘स्ट्रेट पाइप’.

डिझेल पिकअपमधे अजून एक भानगड आहे जी फारशी कोणी सांगत नाही. त्यात टर्बो असतो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हा पंखा धडाक्यांची बरीच ताकद आधीच खातो. त्यापुढे धूर गाळणारी जाळी असते, तीही आवाज दाबते. त्यामुळे कंपनीतून आलेला आजचा डिझेल पिकअप बऱ्यापैकी शांत असतो, आणि एखादा भयंकर आवाज करत असेल तर नुसता मफलर बदललेला असण्यापेक्षा आतली जाळीच काढून टाकलेली असण्याची शक्यता बरीच असते. पैज लावायची नाही, पण संशय घ्यायला हरकत नाही.

डेसिबल: आकडा छोटा, फरक मोठा

डेसिबल हे आवाज मोजायचं माप, पण ते आपल्या किलो-लिटरसारखं सरळ चढत नाही. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली, १० वाढले म्हणजे दहापट झाली, आणि कानाला मात्र ते साधारण दुप्पट वाटतं. म्हणून ‘७५ च्या जागी ९५ झालाय, एवढं काय’ असं कोणी म्हणालं तर त्याला सांगायचं की बाबा ऊर्जा शंभरपट झालीय. कामगारांच्या आरोग्यासाठीची अमेरिकी संस्था नायोश दिवसाला ८ तास ८५ डेसिबल ही मर्यादा धरते, आणि त्यांच्याच हिशोबाने १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. कानाचं हे असं. झोपेला याच्यापेक्षा कितीतरी कमी पुरतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी जी मार्गदर्शक पातळी दिली त्यात रात्रीच्या रस्त्याच्या आवाजासाठी ४५ डेसिबल म्हटलंय.

आता खरी गोम. पोलिसांकडचं यंत्र बहुतेक वेळा ‘ए’ मोजणीवर असतं, म्हणजे माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात असं धरून ते खर्जाचे गुण कापतं. १०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १०० धडाक्यांच्या) आवाजातून जवळपास १९ डेसिबल वजा होतात, ५० हर्ट्झच्या आवाजातून ३०. पण हाच खर्ज भिंतीतून, बंद खिडकीतून सगळ्यात सहज आत येतो, तावदानं तोच हलवतो. त्यामुळे शेजारी म्हणतो माझं घर हादरतं, यंत्र म्हणतं एवढं काही नाही, आणि ट्रकवाला म्हणतो बघा, मी कायद्यात बसतो. तिघेही खोटं बोलत नसतात.

आणि हो, याचा त्रास मालकालाही होतो. हायवेवर एका ठरावीक वेगाला केबिनमधे जी सलग घुमणारी धून बसते तिला तिकडे ‘ड्रोन’ म्हणतात, दोन तासांत डोकं उठतं. शौकाने मोठी नळी लावून सहा महिन्यांनी गुपचूप मधे एक छोटा डबा बसवून घेणारे पुष्कळ असतात, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

काळा धूर म्हणजे ताकद नव्हे

डिझेल नीट जळायला भरपूर हवा लागते. चुलीत एकदम जास्त सरपण कोंबलं आणि हवाच पोचली नाही की कशी घरभर काजळी होते, तोच प्रकार इथे मुद्दाम केला जातो: इंजिनाच्या कॉम्प्युटरमधे फेरफार करून गरजेपेक्षा जास्त डिझेल सोडायचं, ते अर्धवट जळतं आणि काळाकुट्ट लोट बाहेर पडतो. तिकडे याला ‘रोलिंग कोल’ म्हणतात. ट्रॅक्टर ओढायच्या स्पर्धांमधून हे आलं, तिथे जास्त ताकदीच्या नादात असा धूर निघायचाच, नंतर रस्त्यावर तो नुसता दाखवण्यासाठी काढायला लागले. सायकलवाल्यांवर, इलेक्ट्रिक गाड्यांवर मुद्दाम सोडणारेही निघाले. २०२१ च्या सप्टेंबरमधे टेक्सासमधल्या वॉलर गावाजवळ सराव करणाऱ्या सहा सायकलस्वारांना एका पिकअपने उडवलं. चालवणारा सोळा वर्षांचा मुलगा होता आणि तो आधी धूर सोडत होता असं सोबतच्या सायकलवाल्यांनी सांगितलं.

पण हा काळा धूर खरं तर वरवरचा भाग आहे. मूळ गोष्ट ‘डिलीट’ची.

२००७ पासून अमेरिकेतल्या नव्या डिझेल पिकअपमधे डीपीएफ आला. ही सिरॅमिकची जाळी, काजळी अडवते आणि अधूनमधून खूप तापून ती जाळून टाकते. मग २०१० च्या सुमारास नायट्रोजन ऑक्साइड या वायूंसाठी नियम कडक झाले आणि नळीत युरियाचं पाणी फवारायची यंत्रणा आली. आपले बीएस-सिक्स ट्रकवाले याला सरळ ‘युरिया’ म्हणतात, तिकडे डीईएफ. डिलीट करणं म्हणजे हे सगळं कापून फेकायचं, मधे नुसती नळी टाकायची, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सॉफ्टवेअरने खोटं सांगायचं की सगळं जागेवर आहे.

हे किती पसरलंय? तिकडची पर्यावरण संस्था ईपीए हिने २०२० च्या नोव्हेंबरमधे एक अहवाल काढला, त्यात दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज होता, म्हणजे अशा ट्रकपैकी साधारण १५ टक्के. त्यातून जे जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडणार ते ५ लाख ७० हजार टनांच्या वर, जणू रस्त्यावर आणखी ९० लाख ट्रक आले. यातला बहुतांश वायू डोळ्याला दिसतच नाही. उलट नळी खाली असलेला, धूर न सोडणारा, रंगाने पांढरा, सभ्य दिसणारा ट्रकसुद्धा डिलीट केलेला असू शकतो. डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मधेच जाहीर केलंय, तेव्हा हा नुसता नाक मुरडण्याचा विषय राहिलेला नाही.

मग पोलीस धरत का नाहीत?

कारण आवाज आणि धूर या दोघांचे मालक वेगळे आहेत.

धुराचा कायदा केंद्राचा, १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट. प्रदूषण रोखणारा भाग काढणं, निकामी करणं, त्यासाठीचं सामान विकणं, सगळं त्यात निषिद्ध आहे. पण ईपीए काही चौकात शिट्टी घेऊन उभी राहत नाही, ती कंपन्या, दुकानं आणि ट्यूनिंगवाल्यांच्या मागे लागते. युटा राज्यात तर डॉक्टरांच्या एका संघटनेने टीव्हीवर प्रसिद्ध झालेल्या डिझेल ट्रकवाल्यांवर स्वतः खटला भरला आणि २०२० मधे कोर्टाने त्यांना साडेआठ लाख डॉलरच्या आसपास दंड ठोठावला. काही राज्यांनी आपापले कायदे केले, न्यू जर्सीने २०१५ मधे, कोलोरॅडो आणि मेरीलँडने २०१७ मधे मुद्दाम धूर सोडण्यावर बंदी आणली.

आवाजाची गोष्ट जरा केविलवाणी आहे. १९७२ मधे आवाजावर केंद्रीय कायदा झाला, ईपीएमधे त्यासाठी खास विभागही होता, पण रेगन सरकारच्या काळात १९८२ पर्यंत त्याचे पैसे बंद झाले. कायदा पुस्तकात राहिला, विभाग गेला, आणि सगळं राज्यांवर नि गावांवर पडलं. त्यामुळे राज्यागणिक तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियात ६००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना ९५ डेसिबल हा आकडा ठरलेला आहे, आणि २०१९ पासून ‘दुरुस्त करून आणा, सोडून देतो’ ही सवलत काढून थेट दंड सुरू केला. पण ६००० पौंड ही मर्यादा नीट वाचा, हेवी ड्यूटी डिझेल पिकअप त्याच्या वर जातात, म्हणजे ज्यांच्यावर ही धुराडी असतात त्यांना तो आकडा लागतच नाही, त्यांच्यासाठी फक्त ‘पुरेसा मफलर हवा’ एवढं मोघम कलम उरतं. टेक्सासमधेही मफलर चांगल्या चालू स्थितीत हवा एवढंच, आकडा नाही. मग पोलिसाने काय कानाने ठरवायचं? तो ठरवतोही, पण कोर्टात ते टिकवणं कटकटीचं, आणि रात्री दोन वाजता त्याला इतर कामं असतात.

न्यूयॉर्कने वेगळी वाट धरली. २०२१ मधे राज्याने बेकायदा एक्झॉस्टचा दंड १००० डॉलरपर्यंत नेला, आणि शहराने रस्त्यावर मायक्रोफोन जोडलेले कॅमेरे लावले, ८५ डेसिबलच्या वर गेलात तर नंबरप्लेटचा फोटो आणि ८०० डॉलरपासून पुढे नोटीस. मला हा उपाय पटतो, कारण यात कोणाचा ट्रक कसा दिसतो, चालवणारा कोण आहे, हे बघायचा प्रश्नच येत नाही.

‘पण ताकद वाढते ना?’

वाढते, पण नळी उभी केल्याने नाही आणि आवाजाने तर नाहीच. टर्बो डिझेलमधे बाहेरचा रस्ता मोकळा केला तर वायूचं तापमान थोडं उतरतं, टर्बो जरा लवकर फिरतो, हे खरं. जड ट्रेलर ओढताना त्याचा उपयोग होतो. पण खरी वाढ सॉफ्टवेअरच्या ट्यूनमधून येते. ‘इंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच’ असंही एक जुनं मत ऐकायला मिळतं, तेही चूक, इंजिनाला अडथळा नको असतो. योग्य जाडीची नळी हवी असते, ज्यात वायूचा वेग टिकतो. ८ इंचाची नळी ही त्यातली गरज नव्हे, तो दागिना आहे.

‘मोठ्या आवाजामुळे लोक सावध होतात, अपघात टळतात’

हे वाक्य मोटरसायकलवाल्यांकडून आलंय. तिथेही ते मला लटकं वाटतं, कारण नळीचं तोंड मागे, आवाज मुख्यतः मागे आणि धोका बहुतेक वेळा समोरून किंवा बाजूने, त्यात समोरचा माणूस काचा बंद करून गाणी लावून बसलेला. तीन टनांच्या, सहा फूट उंच ट्रकने हे कारण सांगणं म्हणजे जरा अतीच झालं. हा ट्रक दिसत नाही अशी कोणाचीच तक्रार नाही.

‘कंपन्या करतात ते चालतं, आम्ही केलं की गुन्हा’

या म्हणण्यात मात्र दम आहे. कमिन्सनेच रॅम पिकअपच्या इंजिनांत चाचणी चुकवणारं सॉफ्टवेअर टाकल्याचा आरोप सरकारने केला, २०१३ ते २०२३ या मॉडेलमधले साडेनऊ लाखांच्या वर ट्रक त्यात होते, आणि कंपनीने १.६७५ अब्ज डॉलर दंड मान्य केला, क्लीन एअर अ‍ॅक्टखालचा आजवरचा सगळ्यात मोठा दिवाणी दंड. चूक केली असं कंपनीने कबूल केलं नाही. म्हणजे ज्या यंत्रणेचं पावित्र्य राखायला मालकाला सांगतात ती कारखान्यातून निघतानाच लबाड होती असा आरोप. ट्रकवाले चिडले तर नवल नाही. पण यावरून निघतं एवढंच की दोघांनाही धरा.

अजून एक रास्त तक्रार शेतकऱ्यांची आणि ट्रकवर पोट असलेल्यांची. डीपीएफ तुंबला तर दुरुस्ती हजारो डॉलरची. युरिया संपला किंवा नुसता सेन्सर बिघडला तरी गाडी स्वतःला ताशी ५ मैलांवर आणून ठेवते, तेही ऐन कापणीत, गावापासून लांब. डिलीट करणारे सगळेच धूर उडवणारे टगे नसतात, कित्येक जण या कटकटीला वैतागून करतात. २०२५ च्या ऑगस्टमधे ईपीएने उत्पादकांना हे एकदम गाडी बसवणं सैल करायला सांगितलं, आणि मला ते योग्य वाटतं. यंत्रणा माणसाला जाच होईल अशी बनवली की माणूस ती उपटून टाकणारच.

‘आम्ही फक्त रेसिंगसाठी केलंय’

पॅकेटवर तसं छापलेलं असतं खरं. पण रस्त्यासाठी पास झालेली गाडी रेसिंगसाठी बदलली तर कायदा माफ करतो का, हा वाद जुना आहे. ईपीएची भूमिका ‘नाही’ अशी राहिलीय, आणि सूट मिळावी म्हणून सुट्या भागांच्या उद्योगाने पुढे केलेलं विधेयक तिकडच्या संसदेत पुन्हा पुन्हा मांडलं जातं आणि पडून राहतं. पार्किंगमधे किराणाच्या पिशव्या भरताना दिसणारा ट्रक रेसिंगचा आहे हे म्हणणं कोर्ट सोडा, शेजारणीलाही पटत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे धुराडीवाले पिकअप नाहीत, पण बुलेट आहे. फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी त्यांच्यावर रोड रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. कायदा आपल्याकडे उलट जरा स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे. रोलर फिरवणं फोटोला छान दिसतं, पण तो सायलेन्सर विकणारं दुकान दुसऱ्या दिवशी उघडंच असतं. तिकडे ईपीए दुकानांच्या मागे लागली ती याच कारणाने.

सेकंडहँड डिझेल पिकअप घेणार असाल तर

तिकडे राहणारे बरेच मराठी लोक आता बोट किंवा कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला जुना डिझेल ट्रक बघतात, त्यांच्यासाठी एवढं. विकणारा सांगेलच असं नाही, म्हणून स्वतः खाली वाकून बघा: २००७ नंतरच्या ट्रकला इंजिनापासून मागे येणाऱ्या नळीवर जाडजूड डबे आणि त्यांना जोडलेल्या सेन्सरच्या वायरी दिसल्या पाहिजेत. नुसती सरळ गुळगुळीत नळी असेल, किंवा डीईएफची टाकी कोरडी असूनही डॅशबोर्ड चकार शब्द काढत नसेल, तर तो ट्रक बहुधा डिलीट केलेला आहे. नळीच्या टोकाला आत बोट फिरवा, जाळी शाबूत असलेल्या ट्रकला काजळी जवळपास लागत नाही (इंजिन थंड असतानाच हं).

टेक्सासमधे डिझेल गाड्यांना धुराची चाचणी नाही आणि २०२५ पासून खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणीही गेली, त्यामुळे तिथे असा ट्रक वर्षानुवर्षं बिनबोभाट फिरतो. पण नोकरी बदलून कॅलिफोर्नियाला गेलात की १९९८ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाडीलाही स्मॉग चेक (धुराची चाचणी) लागतो, तिथे तो नापास होतो, आणि सगळी यंत्रणा परत बसवायचा खर्च कधीकधी ट्रकच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. स्वस्तात मिळतोय म्हणून खुश होण्याआधी तो स्वस्त का आहे ते विचारा, आणि यंत्रणा मूळची आहे असं विकणाऱ्याकडून लिहून घ्या.